‘कॉम्प्लेक्स’ला पाणी येतं कुठून?

‘कल्की २८९८ एडी’ बघितला का, हा प्रश्न २०२४ मध्ये आपण एकमेकांना दोनदा विचारला. पहिल्यांदा २७ जूनला, सिनेमा थिएटरला लागला तेव्हा. त्याच रात्री टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची भारत-इंग्लंड सेमी फायनल होती, त्यामुळे निम्म्या ग्रुपचा ‘फर्स्ट डे’ मॅचनेच खाल्ला. दुसऱ्यांदा २२ ऑगस्टला, सिनेमा ओटीटीवर आला तेव्हा. पुण्यात पहिली तारीख महत्त्वाची होती. भोर आणि वेल्ह्यात दुसरी.

का, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे मल्टिप्लेक्स म्हणजे कात्रजच्या बोगद्यापलीकडची गोष्ट. तुम्ही केळद, पासली, विंझरचे असा नाहीतर हिर्डोशी, भुतोंड्याचे, तीन तासांच्या सिनेमाचं गणित सिनेमापासून सुरू होत नाही. ते परतीच्या शेवटच्या एसटीपासून सुरू होतं. त्यात जून संपून जुलै लागला की घरोघरी भातलावणी. रोपं काढून तयार असताना ‘मी प्रभासला बघून येतो’ असं आईला सांगायची हिंमत कोणाची आहे? त्यामुळे आपल्या भागात ‘कल्की’ खऱ्या अर्थाने ऑगस्टमध्येच रिलीज झाला. नेटफ्लिक्सवर हिंदीत, प्राइम व्हिडिओवर तेलुगूत, आणि मधल्या काळात ज्यांनी टेलिग्रामवर कुठून काय मिळवलं त्याबद्दल मी काही बोलत नाही.

पण तुम्ही तो बघायला बसलात तोवर त्याचा निकाल लागून गेला होता. माझा आक्षेप तिथून सुरू होतो.

निकाल काय लागला, ते पटकन बघू. खर्च सुमारे ६०० कोटी रुपये सांगितला गेला, म्हणजे भारतातल्या सर्वांत महागड्या सिनेमांपैकी एक. जुलैच्या मध्यापर्यंत निर्मात्यांनी जगभरातल्या १,००० कोटींच्या कमाईची पोस्टरं लावली. म्हणजे हिट. मग भांडणं. हा ‘ड्यून’ची कॉपी आहे का? (दिग्दर्शक नाग अश्विनने फार आधीच हसून सांगितलं होतं, की वाळू दिसली की लोकांना ‘ड्यून’च आठवतो.) पहिला भाग रेंगाळतो का? प्रभास एवढ्या उशिरा का येतो आणि आल्यावर एवढे विनोद का मारतो? विजय देवरकोंडा, दुलकर सलमान, मृणाल ठाकूर, राजामौली, रामगोपाल वर्मा ही पाहुण्यांची जत्रा कशासाठी? तेव्हा ८१ वर्षांचा असलेला अमिताभ अश्वत्थामा म्हणून सगळ्यांना खाऊन टाकतो, यावर मात्र एकमत. मुकेश खन्नांनी महाभारतात फेरफार केल्याबद्दल कान उपटले. आणि ऑगस्टमध्ये अर्शद वारसीने प्रभासला ‘जोकर’ म्हटल्यावर जुनंच उत्तर विरुद्ध दक्षिण युद्ध पुन्हा पेटलं. नाग अश्विनने त्यावर बऱ्यापैकी समजुतीने उत्तर दिलं, वारसीच्या मुलांसाठी ‘बुज्जी’ची खेळणी पाठवतो म्हणाला. पण कमेंट करणाऱ्यांना समजूत नकोच होती.

या सगळ्यात मी वाचलेल्या रिव्ह्यूंमध्ये एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांनी एका वाक्यात उरकली. सिनेमाचं जग. आणि आपल्यासाठी नेमकी तीच सर्वांत कामाची आहे.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. (स्पॉयलरची भीती असेल तर हा परिच्छेद सोडा, पण दोन महिन्यांनंतर स्पॉयलरची तक्रार करता येत नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे.) कुरुक्षेत्राच्या युद्धाला सहा हजार वर्षं होऊन गेलीत. पृथ्वीवर शेवटचं शहर उरलंय ते काशी. गंगा आटलीय. काशीच्या डोक्यावर आकाशात एक उलटा पिरॅमिड तरंगतोय, त्याचं नाव ‘कॉम्प्लेक्स’. पाणी, झाडं, प्राणी, स्वच्छ हवा, जे जे चांगलं उरलं होतं ते सगळं खालून शोषून वर नेलेलं. वर सुप्रीम यास्किन म्हणजे कमल हासनची सत्ता. खालच्या माणसाला वर राहायला जायचं असेल तर दहा लाख ‘युनिट्स’ मोजायचे. आपला हिरो भैरव, म्हणजे प्रभास, ते युनिट्स जमवायला काय वाट्टेल ते काम करतो. बंड करणारे लोक ‘शंबाला’ नावाच्या लपलेल्या वस्तीत.

आता जरा पानशेतच्या भिंतीवर उभे राहा. मनातल्या मनात राहिलात तरी चालेल.

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. त्यातलं पानशेत १०.६५ आणि वरसगाव १२.८२. म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के पाणी आंबी आणि मोसे या दोन खोऱ्यांत, आपल्या वेल्ह्याच्या अंगणात अडवलेलं. इकडे भोरमध्ये भाटघर, साधारण साडेतेवीस टीएमसीचं, इंग्रजांनी १९२८ मध्ये पूर्ण केलेलं. शिवाय नीरा देवघर. त्यांचं पाणी नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे उसाला जातं. ऑगस्टअखेरीला हे सगळं कसं तुडुंब आणि सुंदर दिसतं ते तुम्ही रोज रील्समध्ये बघताच. नेकलेस पॉइंटला गाडी लावायला जागा नसते.

आणि मे महिन्यात? याच दोन तालुक्यांतल्या वरच्या वाड्या टँकरची वाट बघत असतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. इतका पाऊस, इतकी धरणं, मग टँकर कसला? कारण अगदी साधं आहे. पाणी उताराने जातं आणि वाडी वर असते. धरण खोऱ्याच्या तळाशी, पाण्यावरचा हक्क त्याहून खालच्या कालव्यावाल्यांचा आणि शहराचा. वरच्या काळ्या कातळात पाणी मुरत नाही, जे मुरतं ते मार्चपर्यंत झऱ्यांवाटे निघून जातं. खालचं पाणी उचलून वर न्यायचं तर पंप, पाइप, विजेचं बिल, आणि वीस-पंचवीस घरांच्या वाडीसाठी ते कोण भरणार? जमीन ज्यांची बुडाली ते धरणाच्या वरच्या अंगाला. नळ ज्यांच्या घरात आला ते खालच्या अंगाला. सिनेमात फक्त दिशा उलटी आहे, तिथे वरचे खालच्यांचं पाणी ओढतात. बाकी चित्र तुम्हाला अनोळखी वाटायचं काही कारण नाही.

वरसगावच्या जलाशयाच्या काठावर तर एक ‘कॉम्प्लेक्स’ बांधायलाच काढला होता. लवासा. मोसे खोऱ्यातलं, इटलीतल्या पोर्तोफिनोचा नमुना समोर ठेवून आखलेलं खासगी शहर. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेलं. आज तिथले रंगीत दर्शनी भाग बघितले की आर्ट डिरेक्टरला स्वतंत्र पैसे द्यायची गरज नाही असं वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या पेठेतून फोन येतील. पुणेकर म्हणजे सुप्रीम यास्किन नाही. पुण्यात जे पाणी पितात त्यांत धायरी, नऱ्हे, कात्रजला भाड्याच्या खोलीत राहणारी आपलीच पोरं आहेत. तुमचा चुलतभाऊ तिथेच स्विगी चालवतो, तुमची ताई तिथेच एमपीएससीची लायब्ररी लावते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा किंमत पुण्यानेही मोजली. आणि २०२४ मध्ये २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत शिरलं, तेव्हा तिथेही माणसंच होती. पाण्याचा हिशेब ‘ते’ आणि ‘आपण’ इतका सोपा नाही. पण हिशेब आहे, आणि तो मांडायचा असतो.

‘कल्की’ तो मांडतो का? सुरुवातीला मांडतो आणि मग विसरतो, हा माझा या सिनेमावरचा खरा राग आहे. इतकी जबरदस्त कल्पना, इतका पैसा, महिंद्रा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजने मिळून खरीखुरी चालणारी बुज्जी गाडी बनवली, आणि काशीतल्या बाईला हंडाभर पाणी कसं मिळतं हे मात्र आपल्याला दिसत नाही. पाण्यासाठी रांग आहे का? टँकरमाफिया आहे का? युनिट्स उधार मिळतात का? खालचे लोक ‘कॉम्प्लेक्स’मध्ये नोकरीला जातात का, संध्याकाळी परत येतात का? हे प्रश्न कंटाळवाणे वाटत असतील तर एवढंच सांगतो, की चांगली सायन्स फिक्शन याच कंटाळवाण्या प्रश्नांवर उभी असते. ‘ड्यून’ची कादंबरी १९६५ ची. तिच्यातली माणसं स्वतःच्या घामाचं पाणी पुन्हा पिण्यासाठी खास सूट घालतात, आणि त्या एका तपशिलाने अख्खा ग्रह खरा वाटायला लागतो. ‘कल्की’मध्ये तेवढी जागा मारामाऱ्यांनी खाल्लीय. दुसरा भाग येणार आहे, त्यात बघू.

भैरव मात्र मला पटला, आणि तो पटणं जरा टोचलं. त्याला व्यवस्था बदलायची नाही. त्याला फक्त वर जायचंय. बारावीनंतर आपल्यातल्या बहुतेकांचं काय चाललेलं असतं? डिपॉझिट, मेस, क्लासची फी. आपले दहा लाख युनिट्स. ‘पुण्यात सेटल झालो’ हे वाक्य ज्या आवाजात आपण म्हणतो, त्याच आवाजात तो ‘कॉम्प्लेक्स’चं नाव घेतो. रिव्ह्यूवाल्यांना तो पांचट वाटला. मला तो थर्ड इयरचा वाटला.

देवळाचं एक राहिलं. सिनेमात अश्वत्थामा भेटतो ते गाडलं गेलेलं जुनं देऊळ आठवतंय? ट्रेलर आला तेव्हा आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यातलं पेरुमल्लापाडू गाव एकदम व्हायरल झालं. तिथलं पेन्ना नदीच्या वाळूत गाडलेलं नागेश्वराचं देऊळ २०२० मध्ये गावकऱ्यांनी उकरून काढलं होतं, आणि पडद्यावरचं देऊळ तेच, असं सगळे सांगायला लागले. लोक बघायला गेले, फोटो काढले, बातम्या झाल्या. आता भोर तालुक्यातल्या वेळवंडला या. भाटघरच्या पाण्याखाली कांबरेश्वराचं देऊळ आहे. वर्षभर बुडालेलं, आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी तळाला गेलं की थोडे दिवस बाहेर येणारं. लोक त्याला पांडवकालीन म्हणतात, म्हणजे आपल्याकडेही संबंध थेट महाभारताशीच! कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आज्यांनी आपल्याला फार आधीच भेटवलाय, त्यासाठी व्हीएफएक्सची गरज पडली नव्हती. आणि एक लक्षात घ्या. कांबरेश्वर दिसतो तो नेमका टँकरच्या दिवसांत. देव वर येतो तेव्हा पाणी खाली गेलेलं असतं. हा सीन कोणाही पटकथाकाराने लिहिला तर त्याला आपण प्रतीक वगैरे म्हणू. इथे तो दरवर्षी होतो आणि आपण त्याची रील काढतो.

मी रील काढण्याच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकतो. भोरच्या राजवाड्यात आजवर किती हिंदी-मराठी शूटिंग झाली, मोजता येणार नाहीत. आपला तालुका कॅमेऱ्याला सरावलेला आहे. पण त्या सगळ्यात आपण लोकेशन असतो. इतिहासाचा सिनेमा असेल तर वाडा, प्रेमाचा असेल तर धरणाचा काठ. भविष्यकाळाचा सिनेमा करायचा तर आपल्याकडे काय बघायचं, हे अजून कोणी विचारलेलं नाही.

निकाल घाईत लागतात, ते चुकतात, हेही नवं नाही. १९२७ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ आला. श्रीमंत वर बागांमध्ये आणि मजूर जमिनीखाली यंत्रांशी, म्हणजे ‘कॉम्प्लेक्स’चा पणजोबाच. त्याच्या खर्चाने ‘उफा’ ही कंपनी अडचणीत आली. एच. जी. वेल्ससारख्या सायन्स फिक्शनच्या बापमाणसाने त्याची यथेच्छ टर उडवली. आज तो अभ्यासक्रमात आहे. (पुढच्याच वर्षी भाटघर पूर्ण झालं. योगायोग आहे, पण मला आवडला.) १९८२ चा ‘ब्लेड रनर’ही थिएटरात फारसा चालला नव्हता, आणि आता भविष्यातलं शहर दाखवायचं म्हटलं की सगळे त्याच्याकडेच बघतात. मी ‘कल्की’ला त्या रांगेत बसवत नाहीये. एवढंच म्हणतोय, की पहिल्या वीकेंडचा आकडा हा फक्त पहिल्या वीकेंडचा आकडा असतो, आणि तो ज्यांनी ठरवला त्यांत तुम्ही नव्हतात.

दुसरं, भाषा. ‘कल्की’ तेलुगूत बनला आणि हिंदी, तमिळ, मल्याळम, कन्नडमध्ये डब झाला. मराठीत नाही. महाराष्ट्राला हिंदी कळतं, मग कशाला खर्च, असा हिशेब असणार, आणि धंद्याच्या दृष्टीने तो बरोबरही असेल. पण त्याचा परिणाम बघा. उद्या कोणी तुम्हाला ‘मराठीत सायन्स फिक्शन?’ असं विचारलं तर तुम्हीही हसाल. हसू नका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा अनोळखी माणसाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळालं. नंतर कळलं, की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली. आपल्या नावाचा परीक्षकांवर दबाव पडू नये म्हणून जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने टोपणनाव घेतलं, आणि कथा लिहिली ती मराठीत. नोलनचा ‘इंटरस्टेलर’ त्यानंतर ४० वर्षांनी आला. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावं तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत सापडतील, बहुतेक खालच्या कप्प्यात.

सिनेमात मात्र आपण मागे आहोत. ‘शाळा’ करणाऱ्या सुजय डहाकेने २०१६ मध्ये ‘फुंतरू’ केला, मराठीतला मोजक्या सायन्स फिक्शन सिनेमांपैकी एक. आपल्यापैकी किती जणांनी बघितला? पैसे नाहीत, हे कारण खरंच आहे. मराठी निर्माता ६०० कोटी आणणार कुठून? पण पाण्याच्या गोष्टीला उलटा पिरॅमिड लागतोच असं नाही. १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते. गावं पाण्याखाली जाणार, वीज दूर मुंबईला जाणार. त्या काळच्या मावळ्या शेतकऱ्याला ती सायन्स फिक्शनच वाटली असेल. ‘शंबाला’ शोधायला हिमालयात जायला नको.

म्हणून एक विनंती. या पानाला दर आठवड्याला सिनेमाचे रिव्ह्यू येतात, आणि बहुतेक पुण्यातून येतात. कोथरूड, विमाननगर, फारतर हडपसर. भोर, नसरापूर, वेल्ह्यातून येणारी पत्रं म्हणजे अभिनंदन किंवा एसटीच्या वेळापत्रकाची तक्रार. (तक्रार पाठवत राहा, ती योग्यच आहे.) या वेळी ‘कल्की’वर पाठवा. तीनशे शब्द, मराठीत. स्टार देऊ नका, कोणाची अ‍ॅक्टिंग बरी हेही पुरे झालं. तुमच्या वाडीतून बघताना काशी कशी दिसली, ‘कॉम्प्लेक्स’ कोणता वाटला, २८९८ मध्ये तुमच्या गावाच्या विहिरीत काय असेल, ते लिहा. पुण्यात राहून बघितला असेल तर खोलीचं भाडं किती हेही लिहा, भैरवच्या युनिट्सशी ताडून बघू. घरी आजोबांबरोबर बघितला असेल तर अश्वत्थाम्यावर ते काय म्हणाले ते नक्की लिहा. आणि मध्येच लाइट गेल्यामुळे अर्धाच बघून झाला असेल, तर अर्ध्याचाच रिव्ह्यू पाठवा.